दोन पावलांची जागा

“ताई, आई म्हणाली, चेहरा तुझाच आहे गं, पण अशी तू कधी उभी राहत नाहीस.”

मार्गशीर्षातल्या एका सकाळी गुडघ्यांवर बसून मी तिच्या कमरेशी निऱ्या घालत होते, तेव्हा ती हे बोलून गेली. साडी नेसवून घेताना मॉडेल मुली दोन्ही हात अंगापासून जरा दूर धरून उभ्या राहतात, तशी ती उभी होती. दिवाळीसाठी आम्ही केलेल्या एका पैठणीच्या शूटचे होर्डिंग पश्चिम द्रुतगती मार्गावर गोरेगावजवळ लागले होते. तिची आई त्याच भागात चार घरी पोळ्या करायला जाते. लेकीचा एवढा मोठा फोटो पाहायला ती एका दुपारी भर उन्हात रस्त्याच्या कडेला थांबली, बराच वेळ वर पाहत राहिली आणि रात्री घरी आल्यावर एवढे एकच वाक्य बोलली. मुलीने ते हसत सांगितले. तिच्या मनात तक्रार नव्हती. निऱ्या झाल्या, ती दिव्यांकडे निघून गेली. मी मात्र ओठांत धरलेल्या पिना हातात घ्यायचे विसरून तशीच बसून राहिले, कारण तिला तशी उभी कुणी केली होती हे मला ठाऊक होते.

ते शूट ऑगस्टमधले. दिवाळीची साडी मुंबईत भर पावसात नेसवली जाते, हे या धंद्यातल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडले आहे. साकीनाक्याच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात स्टुडिओ होता. मालाच्या लिफ्टमधून साड्यांच्या पेट्या वर आल्या, पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि इस्त्रीच्या वाफेत ओल्या भिंतींचा वास मिसळला होता. साडी येवल्याची, जांभळ्या रंगाची, हिरव्या काठांची, पदरावर मोर असलेली. परकराऐवजी तिला गुडघ्यापर्यंत आवळून बसणारा, खाली माशाच्या शेपटीसारखा सुटणारा शेपवेअर घातला होता, कारण त्याने बांधा रेखीव दिसतो. त्यावर मी साडी लावली. खांद्यावर तीन पिना, पदराच्या प्रत्येक घडीला एक, कमरेला चहूबाजूंनी, निऱ्यांना वरून खाली, गुडघ्याच्या आतल्या बाजूला एक आणि ब्लाउज पाठीशी चापून बसावा म्हणून मागे दोन चिमटे. एकंदर एकतीस पिना लागल्या. मी नेहमी मोजते. साडी उतरवताना तेवढ्याच परत मिळाल्या पाहिजेत, एखादी राहिली तर ती कुणाच्या तरी अंगात रुतते.

कंपनीने त्या वेळी परदेशी मासिकांतले काही फोटो नमुन्यादाखल पाठवले होते. कुणी धावते आहे, कुणी जिना उतरता उतरता मागे वळून पाहते आहे, कुणाचा घोळदार झगा पायांच्या पुढे गेला आहे. “या वेळी नॅचरल मूव्हमेंट हवी,” असा निरोप होता. फोटोग्राफर तिला म्हणाला, “चाल. मोकळी चाल. घरात चालतेस तशी.” ती चालली. आवळलेल्या गुडघ्यांमुळे पाऊल वीतभरच पुढे पडत होते आणि तोल सांभाळायला खांदे ताठ झाले होते. एरवी चालताना उजव्या पायाबरोबर डावा हात आपोआप पुढे येतो. तिचा उजवा पाय आणि उजवा हात एकदमच पुढे यायला लागले. अवघडलेल्या माणसाचे असेच होते. पाच-सात वेळा तसे झाल्यावर मी पदर ठीक करायला पुढे गेले, तेव्हा तिने हळूच विचारले, “ताई, पाऊल पुढे पडतच नाहीये. गुडघ्याजवळची एक पिन काढाल का?”

मी म्हटले, “निऱ्या विस्कटतील गं. थोडं सांभाळून घे.”

मग आम्ही नेहमीचा उपाय केला. तिला जमिनीवर चिकटपट्टीने केलेल्या खुणेवर स्थिर उभे केले, अंगाचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर न्यायला सांगितले आणि मी पदराचे टोक दोन्ही हातांत धरून चौकटीच्या कडेला वाकून बसले. फोटोग्राफरने तीन म्हटले की पदर जोराने हवेत भिरकावायचा आणि हात मागे घ्यायचा. हात फोटोत राहिलाच तर तो नंतर संगणकावर पुसला जातो. बावीस वेळा मी तो पदर उडवला. पैठणीचा पदर जरीने जड असतो, तो हवेत क्षणभरच टिकतो, त्यामुळे माझ्या मनगटाचा झटका आणि शटर यांची वेळ जुळायला तेवढे प्रयत्न लागले. होर्डिंगवर जी बाई लोकांना वाऱ्याला सामोरी जाताना दिसली, तिच्या अंगावर त्या दिवशी वाऱ्याची झुळूकही आली नव्हती.

तो वारा मी होते.

गेली अठरा वर्षे मी साड्या नेसवते आहे. सुरुवात दादरच्या मंगल कार्यालयांतून झाली. तिथे नवरीला साडी नेसवताना पिना सढळ हाताने लावाव्या लागतात, कारण तिला होमापाशी तासन्‌तास बसायचे असते, शंभर जणांच्या पाया पडायला वाकायचे असते, आणि त्या सगळ्यात पदराकडे लक्ष देण्याइतकी ती भानावर नसते. पुढे स्टुडिओत आले तेव्हा हीच सफाई माझ्या उपयोगी पडली. कॅटलॉगच्या फोटोत साडी हाच माल असतो. काठ सरळ दिसला पाहिजे, निऱ्यांची रुंदी सारखी असली पाहिजे, पदरावरचे मोर पुरते मोजता आले पाहिजेत. ही कारागिरी आहे असे मला तेव्हाही वाटत होते, आजही वाटते. कापडाचा स्वभाव हाताला कळावा लागतो. जॉर्जेट अंगावरून पाण्यासारखे ओघळते आणि जराशा हालचालीनेही मागे रेंगाळते. खळ केलेले सुती कापड आधी विरोध करते, मग एकदा मोडले की ती घडी धरून ठेवते. ऑरगंझा हवेत उभे राहते, पण बसल्यावर पडलेली सुरकुती दिवसभर दाखवत राहते. पैठणी स्वतःच्या वजनाने खाली ओढते. तिच्यातल्या बाईला आपण काहीतरी मौल्यवान नेसलो आहोत हे विसरता येत नाही. मला हे सगळे माहीत होते. ही कापडे चालत्या बाईच्या अंगावर कशी वागतात, तेही मी लहानपणापासून पाहिले होते. तरी अठरा वर्षे मी त्यांना न हलण्याचीच शिस्त लावत आले होते.

आमचे घर गिरगावातल्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर होते. लाकडी जिना होता आणि आजी खोलीत बसून नुसत्या पावलांवरून कोण येते आहे ते सांगायची. “जोशांची सून आली, आज दमलेली दिसते,” असे ती म्हणाली की खरोखर दोन मिनिटांनी जोशांची सून आमच्या दारावरून जायची. आजी आयुष्यभर नऊवारी नेसली. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, आणि ते तिच्या अंगावर एकही पिन न लावता पहाटे चारला पाणी आल्यापासून रात्री भांडी घासेपर्यंत जागचे हलत नसे. खरे तर ते सारखे हलत असे. काष्टा प्रत्येक पायाला वेगळी मोकळीक देतो, त्यामुळे ती उकिडवी बसे, जिना चढे, पाट उचले, आणि साडी दर वेळी तिच्याबरोबर जाऊन पुन्हा आपल्या जागी येई. कामाला लागण्याआधी ती पदर उजव्या बाजूने पुढे घेऊन कमरेला खोचायची. पूर्ण एक सेकंदही लागत नसे. आज कुणी मला विचारले की साडीतली सर्वांत सुंदर हालचाल कोणती, तर मी तीच सांगेन. एकदा एका शूटमध्ये मी मॉडेलला तसे करायला सुचवले होते. तिने पदर खोचला, अगदी नीट खोचला, पण पुढे काहीच करायचे नव्हते, त्यामुळे हात खोचलेल्या पदरावरच थांबून राहिला. आजीचा हात तिथे कधी थांबला नव्हता. तो तसाच पुढे केरसुणीकडे किंवा कळशीकडे जायचा.

मराठीत चाल हा शब्द पायांनाही लागतो आणि गाण्यालाही. गाण्याची चाल एका सुरावरून कळत नाही. चार-पाच सूर एकामागून एक आले की कानाला तिची वाट सापडते. माणसाच्या चालीचेही तसेच असावे. स्टुडिओत मागे जो कागदाचा रोल सोडतात त्याची नेहमीची रुंदी २.७२ मीटर असते. दोन्ही कडांची थोडी थोडी जागा सोडली की उरतात दोन पावले, ओढूनताणून तीन. त्यांतले पहिले निघण्याचे आणि शेवटचे थांबण्याचे. मग चालणे म्हणावे असे कितीसे उरते? त्यात जमिनीवरची खूण असते, कारण प्रकाश तिथेच मोजलेला असतो. मोठे फ्लॅश एकदा उडाले की पुन्हा भरायला क्षणभर घेतात. कॅमेरा सेकंदाला दहा-वीस फोटो घेऊ शकत असला तरी दिवे त्याच्याबरोबर धावत नाहीत. त्यामुळे फोटोग्राफर एक क्षण निवडतो, ती मुलगी त्या क्षणासाठी अंग आवरून धरते, आणि जे नोंदले जाते ते आवरून धरणे असते. मला पूर्वी वाटे की हा दोष त्या मुलींच्या अनुभवाचा आहे. तो बराचसा खोलीचा आहे, आणि साडी नेसवणारीचा.

या व्यवसायातल्या एका फोटोग्राफर मित्राने मला एकदा, दिवे लागेपर्यंतच्या फावल्या वेळात, मॉनिटरवर एक जुना फोटो दाखवला होता. मार्टिन मुंकाची हा हंगेरीतला फोटोग्राफर मूळचा खेळांचे फोटो काढणारा. १९३३ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर, थंडीच्या दिवसांत, त्याने लुसील ब्रोकॉ नावाच्या मॉडेलला पोहण्याच्या कपड्यांत, खांद्यावरचा झगा उडवत वाळूवरून पळायला लावले. त्याला इंग्रजी येत नव्हते, हातवारे करून त्याने तिला काय हवे ते समजावले असे सांगतात. तो फोटो त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या ‘हार्पर्स बझार’ या अमेरिकी फॅशन मासिकात छापला गेला. तोवर फॅशनच्या मॉडेल बहुतेक वेळा स्टुडिओत पुतळ्यांसारख्या उभ्या राहत. इथे एक बाई खरोखर धावत होती. पुढे नावाजलेला अमेरिकी फॅशन फोटोग्राफर रिचर्ड ॲव्हेडन याला मुंकाचीचे फोटो लहानपणापासून प्रिय होते, आणि १९५७ साली पॅरिसच्या रस्त्यावर छत्री धरून झेपावणाऱ्या कार्मेन या मॉडेलचा जो फोटो त्याने काढला, तो मुंकाचीला केलेला नमस्कारच होता. मित्र मला प्रकाशाबद्दल सांगत होता, पण माझी नजर लुसीलच्या झग्यावर होती. तो गळ्याशी बांधलेला आहे, आणि बाकी सगळा सुटा. ज्याने कुणी तो तिच्या अंगावर घातला, त्याने नेमके कुठे बांधायचे आणि कुठे सोडायचे हे ठरवले असणार, असे मला वाटून गेले.

त्याच दिवशी त्याने दुसरीही एक गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकात फोटोला काही सेकंद लागत, तेवढा वेळ माणूस हलू नये म्हणून स्टुडिओत त्याच्या पाठीमागे लोखंडी दांडा उभा करत आणि त्याच्या वरच्या चिमट्यात मान अडकवत. बायकांच्या फोटोत तो दांडा पोशाखाच्या आड लपवला जाई. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, म्हणजे हे शहर या कलेत फार लवकर शिरले. तेव्हा इथल्याही किती शेटाण्यांच्या आणि सरदारांच्या माना अशा अडकल्या असतील कोण जाणे. आता सेकंदाचा पाचशेवा, हजारावा भाग टिपता येतो, त्या दांड्याची गरज संपून शतक उलटले. मी त्या एकतीस पिनांचा विचार केला आणि मला फार अस्वस्थ वाटले.

या शहरात मोकळ्या हालचालीचे फोटो कुणी काढलेच नाहीत असे नाही. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होत्या, तेव्हा त्यांनी आपल्या वर्गमैत्रिणींचे, विशेषतः रेहाना मोगलचे, फोटो काढले. त्या व्यवसायाने मॉडेल नव्हत्या. मैत्रिणीपुढे बसावे तशा त्या बसल्या आहेत, आपल्याच नादात आहेत; फोटो काढणारीही त्यांच्यातलीच एक होती, हे त्यांच्या खांद्यांवरून कळते. पुढे होमाई दिल्लीत साडी नेसून, कॅमेऱ्याचे सामान घेऊन सायकलवरून हिंडत, असे वाचल्यापासून मला त्यांच्या साडीबद्दल कुतूहल आहे. ती त्या कशी खोचत असतील? सायकल चालवताना निऱ्या कुठे जात असतील? हे प्रश्न इतरांना क्षुल्लक वाटतील. माझ्या कामाचा सगळा गाभा त्यांत आहे.

ससून डॉकवर पहाटे मासळी उतरते तेव्हा मी दोन-तीनदा मुद्दाम जाऊन उभी राहिले आहे. ओल्या, घसरड्या फरशीवरून डोक्यावर जड टोपली घेऊन कोळणी चालतात. मान आणि टोपली जणू एका सरळ रेषेत टांगलेली, त्या रेषेखाली कंबर झुलते आहे, एक हात टोपलीला आणि दुसरा वल्ह्यासारखा मागे-पुढे. त्यांचे लुगडे अंगाला चापून बसलेले असते, त्यातले काहीही फडफडत नाही, पदर उडत नाही. तरी मी पाहिलेल्या कोणत्याही फॅशनच्या फोटोपेक्षा त्यांच्या चालण्यात जास्त गती आहे. आपल्या धंद्यात हालचाल म्हटले की पंखा लावतात आणि कापड उडवतात, त्याबद्दल माझा विश्वास त्या फरशीवर उभ्या उभ्या उडाला. गती वजनात असते. ते कोणत्या पायावर आहे आणि आता कोणत्या पायावर जाणार आहे, हे पाहणाऱ्याला कळले की चित्र आपोआप चालू लागते.

चांगल्या फोटोग्राफरांना हे कळते. ते ‘नॅचरल’ हा शब्द तोंडातून काढत नाहीत, कारण तो ऐकल्याबरोबर कोणत्याही माणसाला आपल्या हातांचे काय करावे ते सुचेनासे होते. एक जण मुलीला चौकटीच्या बाहेरून, सात-आठ पावले आधीपासून चालत यायला सांगतो आणि ती चौकटीत शिरून गेल्यावरही तिला थांबवत नाही. दुसरा तिला पाठमोरी उभी करून नुसती हाक मारतो. एक बाई आहेत, त्या मुलीला श्वास पूर्ण सोडायला लावतात आणि मगच फोटो घेतात. त्यांच्या फोटोंत गळ्याच्या शिरा कधी ताणलेल्या दिसत नाहीत. कुणी सांगते, दादर स्टेशनच्या पुलावरून जाते आहेस आणि गाडी फलाटाला लागली आहे. मुंबईतल्या मुलीला यापुढे काहीही समजावून सांगावे लागत नाही. हल्ली मोठ्या शूटला हालचाल बसवण्यासाठी नृत्य जाणणारी माणसेही बोलावतात. तीच एक गिरकी वीस वेळा घेऊन घेतात, आणि साधारण बाराव्या-तेराव्या वेळी मुलगी दमते, गिरकीचा विचार करायचे सोडते, तेव्हा कुठे ती तिची स्वतःची होते. सहज या शब्दाचा मूळ अर्थ सोबत जन्मलेले असा आहे. जन्मतःच जे आपल्याजवळ असते तिथे परत पोचायला वीस गिरक्या लागाव्यात, याचे मला अजूनही नवल वाटते.

मग मी ती गुडघ्याजवळची एक पिन का काढली नाही?

याचे उत्तर निऱ्यांत नाही, हे मला त्या मार्गशीर्षातल्या सकाळपासून टोचते आहे. बारा वर्षांपूर्वी मढजवळच्या एका किनाऱ्यावर शिफॉनच्या साड्यांचे शूट होते. नवी मुलगी, तिचे दुसरे की तिसरेच काम. फोटोग्राफर मला म्हणाला की पिना कमी लाव, कापड खेळू दे. मी खांद्यावर एकच पिन लावली. दुपारनंतर समुद्रावरचा वारा वाढला, ती पाण्याच्या कडेने धावत आली आणि पिनेसकट शिफॉनचा खांदा फाटून पदर तिच्या अंगावरून पार मागे गेला. तिने दोन्ही हात छातीशी घेतले आणि खाली बसली. मी चादर घेऊन धावले. बाहेरच्या शूटला कपडे बदलण्यासाठी आम्ही ती बाळगतोच. मधल्या चार-पाच सेकंदांत शटरचा आवाज थांबला नव्हता. दोरीच्या पलीकडे बघे उभे होते. चादरीच्या आत ती मला एवढेच म्हणाली, “ते काढून टाकतील ना?” मी म्हटले, “हो गं, टाकतीलच.” ते फोटो खरोखर पुसले का, हे मी त्या दिवशी कुणालाही विचारले नाही. विचारण्याइतके माझे वजन नाही, असे मी स्वतःला सांगितले. त्यानंतर माझ्या पिना वाढत गेल्या. सोळाच्या वीस झाल्या, विसाच्या एकतीस. लोक माझ्या सफाईची वाखाणणी करत राहिले, आणि मीही त्या मुलीला दिलेले न तपासलेले आश्वासन प्रत्येक साडीत टोचून ठेवत राहिले. पिनांनी पुढे कुणावर तसा प्रसंग येऊ दिला नाही, हेही खरे आहे. म्हणूनच त्या काढायचे ठरवणे मला इतके जड गेले.

माघात गुढीपाडव्याच्या साड्यांचे शूट निघाले, तेव्हा तीच मुलगी आली. साड्या हातमागावरच्या सुती होत्या. मी शेपवेअर पेटीतच ठेवला आणि तिला चार कळ्यांचा, घेरदार सुती परकर दिला, नाडी मात्र घट्ट बांधायला लावली. साडीचा सगळा भार खरे तर त्या नाडीवर असतो. निऱ्या सात घालण्याऐवजी पाच घातल्या, त्या घोट्याच्या जरा वर ठेवल्या आणि कमरेच्या आत एका मोठ्या पिनेने धरल्या. तिथून खाली काही नाही. पदर ब्लाउजच्या आतल्या बाजूने, कापडाची दुहेरी घडी करून, दोन पिनांनी खांद्याला पक्का केला आणि छातीशी आतून दुहेरी चिकटपट्टी लावली. चौथी पिन मागे कमरेला. मग तिला म्हटले, “बस. वाक. हात वर कर. दोन जिने चढून उतरून ये.” ती आली, साडी जागच्या जागी होती. त्यानंतर मी फोटोग्राफरकडे गेले आणि जे बारा वर्षांपूर्वी म्हणायला हवे होते ते म्हटले: पदर सरकला तर कॅमेरा खाली करायचा, आणि तसा एखादा फोटो आलाच तर तो तिच्यासमोर तिथल्या तिथे पुसायचा. माझा आवाज कापत होता. तो तरुण मुलगा माझ्याकडे क्षणभर पाहून म्हणाला, “हो, ताई. अर्थातच.” एवढे सोपे होते ते. त्याच्या सोपेपणाने मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी त्या किनाऱ्यावरच्या मुलीचा चेहरा आठवला.

कागदाचा रोल गुंडाळून ठेवला आणि आम्ही इमारतीच्या लांब गॅलरीत गेलो. एका बाजूला जाळीची भिंत, तिच्यातून दुपारचे तिरपे ऊन, खाली टेम्पोंची ये-जा. ती टोकापासून चालत आली, माझ्याजवळून पुढे गेली, वळून परत आली. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पावले मोजल्यासारखी पडत होती. मग खालून चहावाल्याने कुणाला तरी हाक मारली, तिने चालता चालताच जाळीतून डोकावून पाहिले, आणि तिचा हात आपोआप पदराकडे गेला. पदर पुढे घेऊन तिने तो कमरेला खोचला आणि चालत राहिली. कापड तिच्या पाठोपाठ येत होते, किंचित उशिरा, घोट्याभोवती उघडत आणि मिटत. टाच उचललेली, चप्पल तळव्यापासून सुटलेली, भार अजून पुढच्या पायावर पुरता आलेला नाही, असा एक फोटो मॉनिटरवर आला तेव्हा मेकअपच्या दादांनी चहाचा पेला खाली ठेवला. काठ सरळ नव्हता. पाचपैकी तीनच निऱ्या दिसत होत्या.

कंपनीने मुखपृष्ठासाठी दुसराच फोटो निवडला, ज्यात ती भिंतीला टेकून उभी आहे आणि काठ पुरता दिसतो. त्यांचे चुकले असे मला म्हणता येत नाही. त्यांना साडी विकायची आहे आणि काठ पाहूनच बायका साडी घेतात, मीही घेते. गॅलरीतला तो फोटो आतल्या पानांत, लहान आकारात आला. मुलीने तो आपल्या फोनवर मागून घेतला. साडी उतरवताना मी पिना मोजल्या. चार होत्या.

त्या संध्याकाळी अंधेरी स्टेशनवर नेहमीची गर्दी होती. पुलाचा जिना चढताना पुढे शे-दोनशे पाठी, बॅगा, ओढण्या, डबे. त्यांत वीसेक पायऱ्या वर एक मुलगी जीन्स आणि मळकट पांढरा कुडता घालून, पाठीवर सॅक टाकून चढत होती. केस वर बांधलेले होते, मेकअप पुसलेला असणार, चेहरा दिसतच नव्हता. टाच जराशी उशिरा उचलायची आणि मग पाऊल हलकेच पुढे टाकायचे, उजव्या खांद्याला किंचित झोक देत. मी जिथे होते तिथूनच तिला हाक मारली, आणि ती वळली.